अकरा महिन्यांचा हुकूम आणि चोवीस वर्षांचे रामायण

बडोद्याच्या रेल्वेस्थानकातून सयाजीगंजच्या बाजूस बाहेर पडले की थोड्याच अंतरावर एक भव्य घुमट दृष्टीस पडतो. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही वास्तू. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने ती उभारली आणि आज तीत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कलाशाखा नांदते. दरवर्षी शाळेतील वरच्या वर्गाची मुले घेऊन आम्ही तेथे जातो. घुमटाखाली मुलांना उभे करून, येथे अरविंद घोष फ्रेंच व इंग्रजी शिकवीत असत, हे सांगण्याचा आमचा परिपाठ आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मान वर करून बराच वेळ घुमटाकडे पाहिले आणि विचारले, ‘सर, हे बांधायला पैसे कोणी दिले? आणि आता कोण देतं?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येत होते. दुसऱ्या प्रश्नाशी आम्ही अडखळलो. शिक्षकाने जे पाठ केलेले नसते तेच मुले नेमके विचारतात, हा तीस वर्षांचा अनुभव आहे. घरी परतताना वाटले की या प्रश्नाचे उत्तर आमच्या मासिकाच्या वाचकांनाही बहुधा येत नसेल. विद्यापीठाचे नाव निघाले की आम्हां बडोदेकर मराठी मंडळींची छाती फुगते. पण त्याच्या जमाखर्चाची वही उघडून पाहावी, असे कोणालाही वाटत नाही.

या विद्यापीठाची जन्मतारीखच मोठी बोलकी आहे. ३० एप्रिल १९४९ रोजी ते स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. घर सोडून जाणारा कर्ता पुरुष जाण्यापूर्वी मुलीच्या नावे काही ठेवून जावा, तसे हे झाले. विद्यापीठाची कल्पना स्वतः सयाजीरावांची, संस्थानात ती कित्येक वर्षे घोळत होती; पण १९३९ मध्ये महाराज गेले आणि ती प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे आले. आजोबांच्या स्मरणार्थ त्यांनी हीरक महोत्सव व स्मारक विश्वस्तनिधीही स्थापन केला.

सयाजीराव शिक्षणावरील खर्चाकडे कोणत्या दृष्टीने पाहत, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या अंदाजपत्रकांशी ताडून पाहण्यास ती दृष्टी उपयोगी पडते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. त्यापूर्वीच, १८८६ मध्ये, मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपविली होती आणि १८९० मध्ये कलाभवन उघडले होते. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९१३ मध्ये महाराजांनी एका तरुण पदवीधरास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन अमेरिकेस धाडले. तो तरुण १९१७ मध्ये करारानुसार बडोद्यास नोकरीसाठी आला. पण या शहराने त्यास राहावयास जागा दिली नाही. कचेरीतील शिपाईदेखील कागद लांबून टाकीत. थोड्याच दिवसांत त्यास परत जावे लागले. हिशेबनिसाच्या वहीत ती शिष्यवृत्ती बुडीत खात्यातच पडावयास हवी. ज्या विद्यार्थ्यासाठी ती खर्ची पडली त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिक्षणावर घातलेला पैसा कोठे आणि केव्हा फळतो हे सांगणे इतके अवघड असते. त्या प्रसंगी बडोद्याने, त्यात आमच्याच पूर्वजांनी, केलेले वर्तन आठवले की घुमटाखाली उभे असतानाही मान खाली जाते.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता या बडोद्याच्याच कन्या. त्यांचे वडील मनुभाई मेहता संस्थानचे दिवाण होते आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण याच बडोदा कॉलेजात झाले. मुलगे व मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदी येणारी ही पहिली स्त्री. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ हा शब्दप्रयोग काढून त्याजागी ‘सर्व मानव’ असा पाठ घालण्याचा आग्रह त्यांनीच धरला होता. १९४९ ते १९५८ या त्यांच्या कारकीर्दीत जे उभे राहिले ते पाहून आजच्या प्रशासकांनी थक्क व्हावे. गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. १९५० मध्ये ललितकलांची विद्याशाखा निघाली आणि चित्रकलेत विद्यापीठाची पदवी मिळू लागली.

येथे इंदूरच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. ललितकला शाखेची घडी ज्यांनी बसविली त्यांत नारायण श्रीधर बेंद्रे हे अग्रभागी होते. १९१० मध्ये इंदुरास जन्मलेले आणि तेथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले बेंद्रे १९५० मध्ये बडोद्यास आले ते १९६६ पर्यंत येथे राहिले. त्यांच्या जोडीस शंखो चौधुरी आणि पुढे के. जी. सुब्रमण्यन होते. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, हिम्मत शाह ही पुढे देशभर गाजलेली मंडळी याच शाळेत तयार झाली. चित्रकाराने चित्रे काढावी, शिकविण्याचे काम दुसऱ्याने करावे, असा भेद तेथे नव्हता. सोळा वर्षे एका ठिकाणी राहिलेला शिक्षक काय करू शकतो, हे बेंद्र्यांच्या उदाहरणावरून दिसते. हा वर्षांचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

परंतु या विद्यापीठाचे सर्वांत मोठे कार्य आम्हांस विचाराल तर ते घुमटाखाली झाले नाही आणि चित्रशाळेतही झाले नाही. ते झाले प्राच्यविद्यामंदिरात, जेथे सुमारे ३० हजार हस्तलिखिते जतन केलेली आहेत आणि जेथे शहरातील शेकडा नव्वद माणसे जन्मात कधी गेली नसतील. संस्थानी काळातच, १९१५ च्या सुमारास, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेस आरंभ झाला. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा तिचा पहिला ग्रंथ. भरताच्या नाट्यशास्त्रावरील अभिनवगुप्ताची टीका ‘अभिनवभारती’ ही विद्वानांना केवळ नावाने ठाऊक होती. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेला तिचा पहिला खंड १९२६ मध्ये या मालेतून निघाला, दुसरा १९३४ मध्ये, तिसरा १९५४ मध्ये आणि चौथा १९६४ मध्ये. पहिल्या खंडाच्या वेळी सयाजीराव गादीवर होते. चौथा निघाला तोवर संस्थान गेले होते, मुंबई राज्य गेले होते आणि गुजरात राज्याचीही चार वर्षे उलटली होती. तीन राजवटी बदलल्या, पण ग्रंथ पुरा झाला. रससिद्धांतावर मराठीत जी काही चर्चा झाली, आणि आम्ही एम.ए.ला असताना जी घोकून परीक्षा दिली, तिचा मूळ आधार या चार खंडांत आहे.

वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तर याहून विलक्षण. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची अशी आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये तडीस नेली, हे वाचकांस ठाऊक असेल. बडोद्याने रामायणाचे काम १९५१ मध्ये उचलले. चिकित्सित आवृत्ती म्हणजे काय, हे सामान्य वाचकांसाठी सांगितले पाहिजे. रामायणाची पोथी काश्मिरात शारदा लिपीत सापडते, नेपाळात नेवारीत, बंगाल-मिथिलेत तेथल्या लिप्यांत, दक्षिणेत ग्रंथ, तेलुगू, मलयाळम या लिप्यांत. प्रत्येकीतील श्लोक सारखे नसतात. कोणी लेखकु झोपेत एक ओळ गाळतो, कोणी भक्तिभावाने दहा ओळी वाढवितो. या सर्व पोथ्या मिळवायच्या अथवा त्यांची छायाचित्रे मागवायची, त्या त्या लिपी जाणणारे शास्त्री बसवायचे, एकेका श्लोकासाठी एकेक तक्ता मांडून प्रत्येक पोथीतील पाठ त्यावर उतरून घ्यायचा आणि मग संपादकाने कोणता पाठ प्राचीन, कोणता मागाहून घुसलेला, याचा निर्णय करायचा. उरलेले सारे पाठभेद तळटीपांत द्यायचे, कारण निर्णय चुकला असेल तर पुढच्याला तो तपासता आला पाहिजे. हजारो श्लोकांसाठी हे काम करावयाचे आणि एका दिवसात फार तर काही श्लोक पुढे सरकावयाचे.

पहिले प्रमुख संपादक गोविंदलाल भट्ट यांनी संपादिलेले बालकांड १९६० मध्ये निघाले. म्हणजे पहिली नऊ वर्षे छापून दाखविण्यासारखे एकही कांड हाती नव्हते. अयोध्याकांड १९६२ मध्ये आले. ते आणि १९७१ मधील युद्धकांड ही दोन्ही महाराष्ट्रातील थोर पंडित परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिली. अरण्यकांड दिवाणजींनी, किष्किंधाकांड मांकडांनी, सुंदरकांड झाला यांनी सिद्ध केले. उत्तरकांड उमाकांत शाह यांच्या हातून १९७५ मध्ये बाहेर पडले. एकूण चोवीस वर्षे. आज जगात कोठेही वाल्मीकीवर गंभीर लेखन होते ते बडोद्याच्या या पाठावर. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथून १९८४ ते २०१७ या काळात निघालेले रामायणाचे सात खंडी इंग्रजी भाषांतर याच संहितेचे आहे.

आता कल्पना करावी की १९५५ साली एखाद्या हिशेबतपासनिसाने प्राच्यविद्यामंदिरात येऊन विचारले असते, ‘चार वर्षांत काय झाले? किती कांडे छापली?’ तक्त्यांच्या गठ्ठ्यांखेरीज त्यास काय दाखविता आले असते!

विज्ञानाकडे पाहिले तरी हेच आढळते. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले ते वेंकटरामन रामकृष्णन हे १९७१ चे या विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. त्यांचे आईवडील दोघेही येथील जीवरसायनशास्त्राशी संबंधित होते. वडील त्या विभागाचे प्रमुख होते. रामकृष्णन यांनी आपल्या आत्मवृत्तात आवर्जून नोंदविले आहे की त्यांच्या वेळी बडोद्याच्या तरुण प्राध्यापकांनी भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नुकताच पालटून बर्कलीच्या नव्या पाठ्यपुस्तकांवर आधारला होता. शेकडो संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठात हे घडणे जवळजवळ अशक्य, कारण एक पुस्तक बदलायचे तर शंभर ठिकाणी बदलावे लागते. बडोद्याचे विद्यापीठ एकात्म स्वरूपाचे आहे. शिकविणारा, अभ्यासक्रम ठरविणारा आणि परीक्षा घेणारा एकाच आवारात बसतो. गुण यायचा तो यातूनच आला.

अलीकडचे पाहू. आपल्या परिचयाच्या कच्छच्या भूमीवर या विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग कित्येक वर्षे काम करीत आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर सर्वांचे लक्ष तिकडे गेले. पण विभागाचे लक्ष त्याआधीपासून होते. भूजच्या दक्षिणेस कात्रोळ डोंगररांगेच्या कडेने जो भूभ्रंश जातो त्याच्या थरांचे वाचन करून, गेल्या सुमारे ३० हजार वर्षांत त्याने किमान तीन वेळा जमीन फाटण्याइतके मोठे धक्के दिले असल्याचा निष्कर्ष या विभागाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. ज्या भ्रंशाला निद्रिस्त समजावे तो तसा नाही, हे भूजच्या नागरिकाला कळणे किती मोलाचे आहे! पुरातत्त्व विभागाने १९६० ते १९६३ या काळात शामळाजीजवळील देवनी मोरी येथील बौद्ध स्तूप, धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, खणून काढला. त्यातील अस्थिकरंडक विद्यापीठाने जपला आहे. याच विभागाने चालू शतकात कच्छातील शिकारपूर येथे हडप्पाकालीन वसाहत उजेडात आणली. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने विद्यापीठास ‘ए प्लस’ श्रेणी दिली आहे. श्रेणीचे आम्हांस फारसे कौतुक नाही. शाळेतही आम्ही श्रेण्या देतो आणि त्या कशा देतात ते जाणतो. पण ज्यांना कौतुक आहे त्यांच्यासाठी नोंदवून ठेवतो.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आता पैसे कोण देते?

मुख्यतः राज्य सरकार. मंजूर पदांवरील अध्यापकांचे व कर्मचाऱ्यांचे वेतन राज्याच्या अनुदानातून भागते. विद्युत्, पाणी, इमारतींची डागडुजी, ग्रंथालयाची नियतकालिके, प्रयोगशाळेतील रसायने यांसाठी विद्यापीठाने आपली झोळी पसरायची. येथे एकात्म स्वरूपाची दुसरी बाजू दिसते. इंदूरचे देवी अहिल्या विद्यापीठ किंवा ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ यांना अनेक संलग्न महाविद्यालयांकडून संलग्नता शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. बडोद्यास ती मिळकत जवळजवळ नाही. ज्या रचनेने अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य दिले तिनेच तिजोरी हलकी ठेवली. त्यातून इमारती जुन्या, घुमट मोठा. जुन्या वाड्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांना दगडी घराची डागडुजी काय खाते, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पूर्वी दुसरा एक ओघ होता. पंचवार्षिक योजनांच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोग पाच-पाच वर्षांसाठी विकास-अनुदान देत असे. नवी पदे, नवी यंत्रे, नव्या इमारती त्यातून होत. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि योजनांची परंपराच थांबली. राज्य विद्यापीठांसाठी २०१३ मध्ये निघालेले राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान २०२३ मध्ये ‘पीएम-उषा’ या नव्या नावाने आले. २०२३ ते २०२६ या काळासाठी सर्व देशभर मिळून त्यास सुमारे १२,९२६ कोटी रुपये ठरविण्यात आले. आकडा मोठा दिसतो, पण देशातील राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालये मोजून भाग द्या, म्हणजे तो लहान होतो. शिवाय हा निधी बहुतांशी बांधकामे व उपकरणे यांकडे जातो. उपकरण चालविणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

माणसांच्या बाबतीत गाठ कोठे बसली, तेही पाहण्यासारखे आहे. वेतन आयोग आला की अध्यापकांचे वेतन वाढते, आणि ते वाढलेच पाहिजे. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्राने वाढीव बोजाचा अर्धा भाग १ जानेवारी २०१६ पासून केवळ ३९ महिने उचलला. त्यानंतर सारा भार राज्यांवर. मग कोणतेही राज्य, गुजरात असो की महाराष्ट्र, सोपा मार्ग धरते. निवृत्त झालेल्याची जागा लवकर भरायची नाही. एक कायम अध्यापक म्हणजे तीस वर्षांचे वेतन आणि पुढचे देणे. हंगामी अध्यापक म्हणजे अकरा महिन्यांचा हुकूम. बारावा महिना मध्ये सोडायचा, म्हणजे सलग नोकरीचा हक्क उत्पन्न होत नाही. बडोद्याच्या विद्यापीठातही असे हंगामी अध्यापक शेकड्यांनी आहेत.

तूट भरण्याचा दुसरा उपाय म्हणजे उच्च शुल्काचे अभ्यासक्रम. न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सुचविले होते की विद्यापीठांनी आवर्ती खर्चाच्या शेकडा १५ आणि दहा वर्षांच्या अखेरीस शेकडा २५ इतका पैसा स्वतः उभा करावा. शिफारस मुख्यतः केंद्रीय विद्यापीठांसाठी होती. वारा सर्वत्र पोहोचला. ज्या विषयास बाजारात भाव आहे तो विषय असा पैसा उभा करू शकतो. व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग भरतील. शारदा लिपी शिकण्यासाठी भारी शुल्क कोण भरणार? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ६ भाग शिक्षणावर खर्चावा असे म्हटले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा म्हटले. चौपन्न वर्षांनी तीच शिफारस पुन्हा करावी लागते, यातच सर्व आले.

येथे कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. गुजरात विधानसभेने सप्टेंबर २०२३ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांचा एकच कायदा संमत केला. राज्यातील अकरा विद्यापीठे त्याखाली आली, त्यांत आमचेही. १९४९ च्या स्वतंत्र कायद्याने चालत आलेली सेनेट आणि सिंडिकेट गेली. त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. नोंदणीकृत पदवीधर म्हणून आम्ही सेनेटच्या निवडणुकीत मत देत असू. खरे सांगायचे तर त्या निवडणुका म्हणजे काही गंगाजल नव्हे. गटबाजी, चहापाणी, रातोरात भरलेल्या मतदारनोंदणी अर्जांचे गठ्ठे, हे सारे आम्ही पाहिले आहे. एकसूत्री कायद्याने कारभार झपाट्याने होईल असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तथापि त्या सभेत अंदाजपत्रक मांडले जाई, एखादा निवृत्त प्राध्यापक उठून ग्रंथालयाच्या रकमेला कात्री का लावली म्हणून जाब विचारी आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत येई. हा जाब आता कोणी, कोठे उभे राहून विचारावयाचा?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. २०२४ च्या जून-जुलैत वाणिज्यशाखेच्या प्रवेशावरून शहरात केवढी खळबळ उडाली होती, हे बडोद्याच्या वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी राज्यभरासाठी एकच प्रवेशव्यवस्था आली, त्यातच वाणिज्यशाखेच्या जागा घटल्या आणि चांगले गुण असलेली स्थानिक मुले बाहेर राहिली. विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, पालक रस्त्यावर आले, गायकवाड राजघराण्यानेही त्यात लक्ष घातले. पुढे काही जागा वाढविण्यात आल्या. रावपुरा, दांडिया बाजार, नवापुरा येथील मध्यमवर्गीय मराठी घरांतून तीन पिढ्या एकच हिशेब चालत आला होता: मुलगा सायकलवर विद्यापीठात जाईल, थोडक्या शुल्कात बी.कॉम. होईल, बँकेत लागेल. मुलगी गृहविज्ञानाला जाईल. तो हिशेब त्या उन्हाळ्यात प्रथमच चुकला. जागा वाढवायची तर वर्ग हवा, शिकविणारा हवा, आणि शिकविणाऱ्याचे पद रिकामे. अंदाजपत्रकातील एक ओळ आपल्या माजघरापर्यंत कशी येते, ते तेव्हा कळले.

आम्हां मराठी मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्यसंमेलने बडोद्याने भरविली. प्रत्येक वेळी मंडप तुडुंब भरला. पण या विद्यापीठात मराठीचा विभाग आहे आणि तेथे विद्यार्थी हवे असतात, हे मंडपात टाळ्या वाजविणाऱ्या किती पालकांच्या ध्यानात होते? ‘आमच्या महाराजांचे विद्यापीठ’ असे म्हणत आम्ही मुलांना संगणकशास्त्राच्या रांगेत उभे करतो. त्यात गैर काही नाही; आम्हीही आमच्या मुलास तेच केले. मात्र ज्या विभागात विद्यार्थी नाहीत त्याचे रिकामे पद भरा, असे सरकारला सांगताना आपल्या आवाजास जोर येत नाही, हे कबूल करावे.

शेवटी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीविषयी लिहितो. नाव सांगत नाही. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत ती शिकली, पुढे एम.ए. झाली, डॉक्टरेट मिळविली आणि एका उच्च शिक्षणसंस्थेत गेली नऊ वर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या हुकुमावर शिकवीत आहे. दरवर्षी हुकूम निघाला की पेढे घेऊन येते. पहिल्या दोन वर्षी आम्ही आनंदाने घेतले, अलीकडे ते घशाखाली उतरत नाहीत. तिला मोडी उत्तम वाचता येते. संस्थानी काळातील मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल या शहरात बांधून पडलेले आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गेल्या वर्षी आम्ही तिला जरा रागानेच म्हटले, ‘अगं, तू एखादे दप्तर संपादित का करीत नाहीस? तुझ्या हातून नाही तर कोणाच्या हातून होणार?’

ती म्हणाली, ‘सर, अर्ज केला होता. पण प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि माझा हुकूम अकरा महिन्यांचा. अर्जात लिहायचं असतं, की प्रकल्प संपेपर्यंत तुम्ही इथे असाल. मी ते कसं लिहू?’

आम्हांस बेंद्र्यांची सोळा वर्षे आठवली आणि बालकांडापूर्वीची ती नऊ वर्षे आठवली. तिचीही नऊच झाली होती. काय बोलावे ते सुचेना. मग तिने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून पुढे ठेवली. डाव्या पानावर मोडीचे देवनागरीकरण, उजव्या पानावर शंका आणि टिपणे. खोडाखोड तांबड्या शाईने. बारावा महिना, ज्यात पगार नसतो आणि तासही नसतात, तो ती दरवर्षी दफ्तरखान्यात काढते, असे तिने सांगितले. अनुदान नाही, प्रकल्प नाही, कोणाकडे नोंदही नाही. आमच्या घरच्यांनी चहा आणला तोवर आम्ही पाच-सहा पाने वाचून काढली. दोन ठिकाणी आमच्या मते वाचन चुकले होते. एका ठिकाणी तिने आमचे म्हणणे मान्य केले, दुसऱ्या ठिकाणी केले नाही, आणि आता वाटते की तिचेच बरोबर होते. सध्या ती तिसऱ्या रुमालावर आहे.